रंग आधी की आकार आधी? लाकडाच्या गाभ्यापर्यंत रंग नेण्याचा इतिहास

१. उंद्री हे बुलढाणा जिल्ह्यातील चिखली तालुक्यातले गाव. वऱ्हाडाच्या या काळ्या मातीच्या पट्ट्यात बाभूळ हे शेतकऱ्याचे जुने, भरवशाचे लाकूड. औताचे भाग असोत की बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, सुतार बाभळीकडेच वळत असे. बाभळीचा जून ओंडका आडवा कापला की दोन रंग दिसतात: सालीलगत फिकट पिवळसर कडे आणि आत तांबूस-तपकिरी गाभा. हा गाभा कोणी रंगवलेला नाही; झाडाने स्वतःच तो आतून रंगवला आहे. पांढरे लाकूड असेच आरपार रंगवावे, ही माणसाची जुनी इच्छा. तिचा हा इतिहास.

२. ही इच्छा सर्वाधिक कोणाला असावी? कातारी कारागिराला. मराठीत सूत कातले जाते, तसे लाकूडही कातले जाते. कातारी लाकडाचा तुकडा खरादावर फिरता ठेवतो आणि पटाशीच्या धारेने नको तो भाग काढून टाकतो. लाटणे, रवी, भोवरा, पाळण्याचे खांब, बुद्धिबळाची प्यादी ही सारी याच हातची कामे. सुताराचे बरेचसे काम जोडण्याचे असते, कातारीचे जवळजवळ सगळेच वगळण्याचे. म्हणूनच रंगाचा प्रश्न त्याला वेगळ्या तऱ्हेने भिडतो.

३. समजा, ओंडका आधी रंगाच्या पाण्यात बुडवून ठेवला आणि मग खरादावर चढवला. पहिल्याच फिरकीत रंगीत साल निघून जाते आणि खाली मूळचे पांढरे लाकूड उघडे पडते. रंग आरपार गेला असेल, तरच कातताना निघणारा प्रत्येक थर रंगीत राहील. तेव्हा कातारीपुढे दोनच वाटा उरतात. एक तर रंग गाभ्यापर्यंत न्यायचा, किंवा आकार आधी देऊन रंग नंतर चढवायचा. युरोपातील अनेकांनी पहिल्या वाटेचा ध्यास घेतला. भारतीय कातारीने दुसरी वाट धरली आणि तिच्यातच कमाल केली.

४. रंग आत का जात नाही, हे समजण्यासाठी लाकूड आतून पाहावे लागते. लाकूड म्हणजे उभ्या, अतिसूक्ष्म नळ्यांची जुडी. झाड जिवंत असताना मुळांनी शोषलेले पाणी याच नळ्यांतून पानांपर्यंत चढते. त्यामुळे लाकडात द्रव शिरतो तो मुख्यतः नळ्यांच्या दिशेने, म्हणजे टोकाकडून. बाजूने शिरायचे तर नळीच्या भिंतीतील बारीक छिद्रांमधून एकेक नळी ओलांडत जावे लागते. म्हणूनच रंगात ठेवलेल्या काठीच्या टोकांशी रंग खोल उतरतो, पण कुशीला तो कातडीपुरताच राहतो.

५. त्यातही लाकडाचे दोन भाग असतात. सालीलगतचे ते रसकाष्ठ. पाणी वाहण्याचे काम तेच करते. आतले ते मध्यकाष्ठ, म्हणजे गाभा. झाड जाड होत जाते तसे आतल्या नळ्यांचे काम थांबते. अनेक जातींत शेजारच्या पेशी या नळ्यांमध्ये फुगे सोडून त्या बुजवतात आणि त्यांत राळ, टॅनिन व रंगद्रव्ये साठवली जातात. कीड आणि बुरशी यांना अटकाव करण्याची ही झाडाची तजवीज. तीच तजवीज रंगाऱ्यालाही अडवते. ज्या गाभ्यात बुरशीला शिरता येत नाही, त्यात रंग तरी कसा शिरावा?

६. झाडाच्या या साठ्यातूनच माणसाने कितीतरी रंग घेतले. खैराच्या गाभ्याच्या चिपा उकळून कात काढतात; विड्याला लाली येते ती त्यामुळेच. कातकरी समाजाचे नावही या कातावरूनच पडले. पतंगाच्या गाभ्यातून कापडासाठी लाल रंग निघे. आशियातून येणाऱ्या या लाकडाला युरोपीय व्यापारी ‘ब्राझील’ म्हणत. पुढे तशाच लाकडाची झाडे अटलांटिकपलीकडे सापडली आणि ते नाव एका अख्ख्या देशाला चिकटले. रक्तचंदनाचा लाल रंग पाण्यात विरघळत नाही, मद्यार्कात विरघळतो.

७. आरपार रंगीत वस्तू हवी असेल, तर जुना उपाय साधा होता: गाभाच रंगीत असलेले झाड निवडावे. शिसवीचा जांभळट-काळा, खैराचा तांबडा, विदर्भ-खानदेशच्या कोरड्या जंगलांतील अंजनाचा गडद तपकिरी. पण अशा लाकडाला किंमत दोनदा मोजावी लागते. ते सावकाश वाढते म्हणून महाग, आणि दगडासारखे कठीण म्हणून पटाशीची धार मोडणारे. शिवाय निसर्गाच्या या पेटीत पोपटी नाही, निळा नाही, शेंदरी नाही. मुलांच्या खेळण्याला तर नेमके हेच रंग हवे असतात.

८. निसर्गाने येथे एक गंमत करून ठेवली आहे. काळा कुडा हे महाराष्ट्राच्या पानझडी रानांतही आढळणारे लहान झाड. त्याचे शास्त्रीय नाव राइटिया टिंक्टोरिया; ‘टिंक्टोरिया’ म्हणजे रंगाऱ्याचे. त्याच्या पानांपासून निळा रंग काढत असत. पण याच झाडाचे लाकूड मात्र हस्तिदंतासारखे पांढरे, बारीक पोताचे आणि कातायला मऊ. कर्नाटकातील चन्नपट्टण आणि आंध्रातील एटिकोप्पाका येथील खेळणी याच लाकडाची. पानांत निळाई आणि लाकडात तिचा लवलेश नाही!

९. आता युरोपाकडे. पंधराव्या-सोळाव्या शतकांत इटलीत लाकडाच्या पातळ तुकड्यांची जडणचित्रे करण्याची कला भरास आली होती. नगरे, वाद्ये, अर्धवट उघडी कपाटे असे सारे देखावे केवळ लाकडाच्या छटांतून उभे राहत. व्हेरोनाचा धर्मबंधू फ्रा जोव्हान्नी हा या कलेतील श्रेष्ठ कारागीर. त्याने उकळत्या रंगीत पाण्याने आणि आत मुरणाऱ्या तेलांनी लाकडाला नाना रंग दिले, असे चरित्रकार वझारी सांगतो. हे साधले याचे कारण तुकड्यांच्या जाडीत आहे. पातळ तुकड्यात रंगाला फार दूर जावेच लागत नाही.

१०. हिरव्या रंगासाठी या कारागिरांना आणखी एक सोबती मिळाला होता: बुरशी. क्लोरोसिबोरिया नावाची बुरशी रानात पडलेल्या लाकडात वाढते आणि त्याला आतून निळसर-हिरवे करते. तिचे रंगद्रव्य सहजी उडत नाही. त्या काळच्या जडणचित्रांतील हिरवे तुकडे आजही हिरवे आहेत. पुढे इंग्लंडमधील टनब्रिजच्या लाकडी वस्तूंतही हेच हिरवे ओक वापरले गेले. माणसाला जे उकळूनही जमत नव्हते, ते बुरशी महिनोन् महिने एकेका पेशीतून वाट काढत शांतपणे करत होती.

११. मोठा ओंडका आरपार रंगविण्याचा सर्वांत धाडसी प्रयोग मात्र एका डॉक्टराचा. फ्रान्समधील ओग्युस्त बूशेरी यांनी १८४० च्या सुमारास एक साधा प्रश्न विचारला. झाड स्वतःच पाणी वर ओढते, तर त्याच्याकडूनच औषध का ओढवून घेऊ नये? त्यांनी उभ्या झाडाच्या बुंध्याशी छेद घेतला आणि तेथे द्रावण पुरवले. पानांतून बाष्प उडत राहिले, त्या ओढीने द्रावण खोडात चढत गेले. झाडाच्या तहानेचाच त्यांनी पंप केला होता.

१२. त्यांचा मूळ हेतू लाकूड कुजण्यापासून वाचविण्याचा. पण रंगाचे प्रयोगही त्यातूनच झाले. युक्ती अशी की तयार रंग आत ढकलायचाच नाही, तो आतच घडवायचा. आधी लोहाचे क्षार शोषू द्यायचे, मग टॅनिन. दोन्ही आत भेटले की शाईसारखा काळा रंग तयार होतो. लोहानंतर पोटॅशियमचा फेरोसायनाइड दिला की प्रशियन निळा. शिशाच्या क्षारानंतर क्रोमेट दिले की पिवळा. दोन पातळ द्रावणे सहज शिरतात, आणि त्यांच्या मीलनातून न विरघळणारा रंग आतल्या आत धरला जातो.

१३. तरीही गाभ्याने दाद दिली नाही. द्रावण चढले ते रसकाष्ठातून. बुजलेल्या मध्यकाष्ठाला बगल देऊन ते पुढे गेले. उभ्या झाडावरचा उपचारही अवघड ठरला. मग ताजे तोडलेले, सालीसकट ओंडके आडवे ठेवून, उंचावरील टाकीतून त्यांच्या टोकात मोरचुदाचे द्रावण सोडण्याची पद्धत रूढ झाली. ‘बूशेरी पद्धत’ म्हणून ती ओळखली जाते. तिची खरी कीर्ती रंगीत फर्निचरमुळे झाली नाही. ती तारायंत्राच्या खांबांमुळे झाली. यातून एक नियम मात्र पक्का कळला. लाकूड ओले असेल, त्याच्या नळ्या अजून वाहत्या असतील, तोवरच ते बाहेरचे काही सहज आत घेते.

१४. वाळलेल्या लाकडासाठी जबरदस्तीच करावी लागे. इंग्लंडमध्ये जॉन बेथेल यांनी १८३८ मध्ये त्याचे एकस्व घेतले. बंद लोखंडी टाकीत लाकूड ठेवायचे, हवा उपसून काढायची आणि मग दाबाखाली डांबरापासून काढलेले क्रिओसोट तेल आत घुसवायचे. रेल्वेचे जाळे पसरत गेले तशी ही पद्धत जगभर गेली. कुजणारा स्लीपर म्हणजे अपघाताला निमंत्रण. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही बुलढाणा जिल्ह्यातील स्थानके ज्या लोहमार्गावर आहेत, तो १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. असे लांबच लांब मार्ग लाकडी स्लीपरांवर उभे राहत, आणि म्हणून लाकडाच्या आत काय शिरते हा साम्राज्याच्या हिशेबाचा प्रश्न झाला होता.

१५. या कथेत एक भारतीय नावही आहे. १९३३ मध्ये देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेत सोन्ती कामेशम यांनी तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचे मिश्रण शोधले. लाकडात शिरल्यावर हे क्षार तेथेच घट्ट बसतात, पावसाने सहज धुपत नाहीत. पुढे विसाव्या शतकात हे जगातील सर्वांत प्रचलित काष्ठरक्षकांपैकी एक ठरले. त्याने लाकडाला हिरवट छटा येते. म्हणजे लाकडाला खोलवर रंग देणारी पद्धत अखेर औद्योगिक प्रमाणावर सापडली. फक्त तो रंग विषाचा होता.

१६. येथे प्रश्न कलेच्या पलीकडे जातो. लाकडात खोल शिरणारे आणि टिकणारे जे रंग एकोणिसाव्या शतकाने शोधले, त्यांत शिसे, क्रोमियम, तांबे यांचे क्षार होते. तारेच्या खांबाला ते चालतात. पण कातारीने केलेली वस्तू कोठे जाते? लाटणे पोळीवर फिरते, रवी ताकात फिरते, खुळखुळा बाळाच्या तोंडात जातो. आरपार विषारी खेळणे हे रंगाचे यश म्हणता येणार नाही. रंग किती खोल गेला, याइतकेच तो कशाचा आहे हेही महत्त्वाचे ठरते.

१७. भारतीय कातारीने हा गुंता वेगळ्याच टोकाने सोडवला. त्याने क्रमच उलटा केला: आकार आधी, रंग नंतर, आणि तोही वस्तू खरादावरून न उतरवता. त्यासाठी त्याच्याजवळ लाख होती. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर जगणारा एक चिमुकला कीटक स्वतःभोवती राळेचे कवच करतो, तीच लाख. मध्य भारताच्या जंगलपट्ट्यात, महाराष्ट्रात गोंदिया-गडचिरोलीकडे, ती गोळा केली जाते. महाभारतातील लाक्षागृह याच लाखेचे.

१८. लाख तापवून मऊ करतात, तिच्यात रंग मळतात आणि कांड्या वळतात. वस्तू कातून गुळगुळीत झाली की ती फिरती ठेवून कांडी तिच्यावर दाबली जाते. घर्षणाने ऊब तयार होते. साधारण ७५ ते ८० अंश सेल्सिअसला लाख वितळते आणि लाकडावर पातळ थरात पसरते. मग केवड्याचे पान दाबून धरले की थर एकसारखा होतो आणि चकाकी येते. भट्टी नको, कुंचला नको, वाळण्याची वाट पाहणे नको. जी फिरकी आकार देते, तीच रंगही देते.

१९. भोवऱ्यावरची लाल-हिरवी-पिवळी कडी अशीच चढतात. रेघ इतकी नेमकी का येते? कारण हात स्थिर असतो आणि वस्तू फिरते. हात न हलवता वर्तुळ आपोआप पुरे होते. आत लाकूड पांढरेच राहते, पण लाखेचा थर नुसता वर बसलेला नसतो. वितळलेली लाख वरच्या नळ्यांच्या तोंडांत उतरून घट्ट धरते. आरपार रंगाचा हट्ट सोडल्यामुळे कातारीला स्वस्त, मऊ, पांढरे लाकूड वापरता आले आणि सगळे भडक रंग हाती आले.

२०. महाराष्ट्रात रंगीत लाकूडकामाचे सर्वांत प्रसिद्ध ठाणे म्हणजे सावंतवाडी. तेथील चितारी कारागिरांनी देव्हारे, पाट, पाळणे, गंजिफा आणि लाकडी खेळणी यांची परंपरा उभी केली. खेळण्यांसाठी पूर्वी मुख्यतः पांगाऱ्याचे लाकूड घेत. ते हलके, मऊ आणि फिकट. सावंतवाडीची लाकडी फळे तर घराघरांत पोहोचली. आंबा, केळे, सीताफळ हुबेहूब दिसण्यासाठी रंगाच्या छटा एकमेकींत मिसळाव्या लागतात. हे काम सरळ कडी काढणाऱ्या कांडीचे नाही, कुंचल्याचे आहे. म्हणून येथे खरादावरचा आकार आणि चिताऱ्याचा हात यांची सांगड पडली.

२१. ही परंपराही विझत आली होती. संस्थाने विलीन झाल्यावर दरबारचा आश्रय संपला. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजवाड्यातच कारागिरांना जागा दिली. सत्त्वशीलादेवी जुन्या चिताऱ्यांकडून गंजिफांची कला स्वतः शिकल्या. आजही सावंतवाडीच्या राजवाड्यात कारागीर काम करताना दिसतात. कला वाचवायची तर नुसत्या वस्तू जपून भागत नाही, कामाचा क्रम जाणणारे हात जपावे लागतात, हे यातून दिसले.

२२. लाखेच्या वाटेलाही धोका होताच. १८५६ मध्ये विल्यम पर्किन यांनी पहिला कृत्रिम रंग शोधला आणि काही दशकांत वनस्पतिज रंग बाजारातून हटले. लाखेत स्वस्त रासायनिक रंग मळले जाऊ लागले. लाख स्वतः निरुपद्रवी आहे, औषधी गोळ्यांवरही तिचा थर देतात. पण तिच्यात मळलेला रंग तसा असेलच असे नाही. एटिकोप्पाकाचे सी. व्ही. राजू यांनी कारागिरांना पुन्हा वनस्पतिज रंगांकडे वळवले. या कामासाठी त्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. ती वाट नवी नव्हती. आजोबांची वाट नातवाने पुन्हा साफ केली होती.

२३. आरपार रंगाचा ध्यास संपलेला नाही. आजचे हौशी कातारी पूर्ण वाळवलेले लाकूड रंगीत द्रवरूप रेझिनमध्ये बुडवतात, निर्वात पंपाने त्यातील हवा काढतात, आणि पुन्हा हवा सोडली की वातावरणाचा दाबच रेझिन आत ढकलतो. मग भट्टीत ते कडक करतात. हलके, सच्छिद्र, अर्धवट किडलेले लाकूड यात उत्तम रंगते. शिसव मात्र जशीच्या तशी बाहेर येते. दुसरा उपाय पातळ पापुद्रे रंगवून ते एकमेकांवर चिकटवण्याचा. जुन्या स्केटबोर्डातून कातलेल्या रंगीत अंगठ्या असतात त्या याच प्रकारच्या. पहिल्या उपायात बेथेल यांची टाकी आहे, दुसऱ्यात फ्रा जोव्हान्नीचा पातळ तुकडा.

२४. म्हणजे सहा शतकांत नियम बदलला नाही. रंग आरपार हवा असेल तर लाकूड पातळ हवे, किंवा ओले हवे, किंवा मोकळ्या नळ्यांचे हवे. यांपैकी काहीच नसेल, तर आकार आधी आणि रंग नंतर. इटलीतल्या धर्मबंधूने पहिले हेरले, फ्रान्सच्या डॉक्टरने दुसरे, आणि निर्वात पंप वापरणारे तिसऱ्यावर विसंबले. अखेरचे उत्तर खरादासमोर बसलेल्या कातारीने फार पूर्वीच दिले होते. त्याचे नाव कोणत्याही एकस्वावर नाही.

२५. म्हणूनच लाखेच्या रेघांचे जुने लाटणे अडगळीत टाकण्यापूर्वी एकदा नीट पाहावे. वर्षानुवर्षांच्या वापराने रेघा झिजलेल्या असतील, कोठे पांढरे लाकूड डोकावत असेल. ते रंगकामातले वैगुण्य समजू नये. गाभ्याला न दुखवता, पोळीत विष न उतरवता, लाकडाला किती रंग देता येतो याचा तो मोजून घेतलेला अंदाज आहे. तसे लाटणे पुन्हा कातून, पुन्हा लाख चढवून देणारा कातारी जवळपास अजून असेल, तर त्याला काम द्यावे. पुढची पिढी हा क्रम पुस्तकातून शिकू शकणार नाही. तो फिरत्या खरादासमोर बसूनच शिकावा लागतो.